अंतराचा हिशेब : महासाथीच्या काळात गर्दीच्या जागांची फेरमांडणी

मुंबईच्या उपनगरी गाडीत ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ प्रवासी उभे असतात. रेल्वेच्या परिभाषेत या अवस्थेला स्वतंत्र नावही आहे. याच शहराला २०२० साली सांगण्यात आले की, दोन व्यक्तींमध्ये 'दो गज', म्हणजे सुमारे सहा फूट अंतर असले पाहिजे. हे अंतर चहूबाजूंनी पाळायचे, तर एका माणसाला साधारण चार चौरस मीटर जागा लागते. शहराची नित्याची सवय आणि आरोग्य यंत्रणेची अपेक्षा यांत अशा रीतीने जवळजवळ साठपटींची तफावत होती. ही तफावत मिटविण्यासाठी पुढील दोन वर्षांत रेल्वे, बस, विमाने, नाट्यगृहे, मंडया, देवळे, परीक्षा केंद्रे आणि संसदेचे सभागृह या साऱ्यांची फेरमांडणी करण्यात आली. काही बदल उपयोगी ठरले, काही केवळ देखाव्याचे राहिले आणि काहींचा भार नेमका त्याच वर्गावर पडला ज्याला अंतर राखणे शक्यच नव्हते. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्या काळातील प्रयोगांचा हा तपशीलवार आढावा.

सहा फुटांचे मूळ

सुरक्षित अंतराची कल्पना नवी नाही. बोलताना किंवा खोकताना उडणाऱ्या थेंबांमधून जंतू पसरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फ्लुगे यांनी १८९० च्या दशकात दाखविले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेतील विल्यम वेल्स यांनी या थेंबांच्या प्रवासाचा अभ्यास मांडला. मोठे थेंब साधारण दोन मीटरच्या आत जमिनीवर पडतात. बारीक थेंब मात्र पडण्यापूर्वीच वाळतात आणि त्यांचे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या सिद्धांताचा पहिला अर्धा भाग धोरणकर्त्यांनी उचलला, दुसरा बराच काळ मागे पडला.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने किमान एक मीटर अंतराची शिफारस केली, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियाने दीड मीटरचा दंडक घातला, तर अमेरिकेने सहा फुटांचा. विषाणू एकच, पण देशागणिक फूटपट्टी निराळी. याचे कारण असे की, अमुक अंतरापर्यंत धोका आणि त्यापुढे अभय, अशी रेषा निसर्गात कोठेच आखलेली नसते. जून २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. एक मीटर वा त्याहून अधिक अंतराने संसर्गाचा धोका बराच कमी होतो आणि अंतर वाढेल तसे संरक्षणही वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे किती अंतर पुरेसे मानायचे, हा प्रश्न शास्त्राचा होता तितकाच सोयीचा आणि खर्चाचाही होता.

शब्दाचाही वाद झाला. 'सोशल डिस्टन्सिंग' या इंग्रजी संज्ञेऐवजी 'फिजिकल डिस्टन्सिंग' म्हणावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच सुचविले. आपल्याकडे तर 'सामाजिक अंतर' या शब्दाला जातिव्यवस्थेचा जुना आणि क्लेशदायक संदर्भ आहे. त्यामुळे मराठीत 'शारीरिक अंतर' किंवा 'सुरक्षित अंतर' हे शब्द अधिक योग्य ठरतात.

अंतर दुप्पट, जागा चौपट

कोणत्याही बंदिस्त जागेची मांडणी बदलताना एक साधे गणित आड येते. शंभर चौरस मीटरच्या दालनात माणसे एकमेकांपासून एक मीटर अंतरावर बसविली, तर तेथे सुमारे शंभर माणसे मावतात. तेच अंतर दोन मीटर केले, की केवळ पंचवीस. अंतर दुप्पट झाले की क्षमता निम्मी होत नाही, ती चौथ्या हिश्शावर येते.

'५० टक्के क्षमता' हा शासकीय आदेशांतील सर्वांत परिचित शब्दप्रयोग या गणितावर तपासून पाहण्यासारखा आहे. नाट्यगृहातील खुर्चीची रुंदी साधारण अर्धा मीटर असते. एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवली, की शेजाऱ्यांमधील अंतर एक मीटरच्या आसपास येते. ५० टक्क्यांच्या नियमाने सहा फुटांचे अंतर मिळत नव्हते, मिळत होता तो आरोग्य आणि अर्थकारण यांच्यातील समझोता. ज्यांनी दीड मीटरचा नियम काटेकोर पाळायचे ठरविले, त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली. जर्मनीच्या राजधानीतील 'बर्लिनर एन्सेम्बल' या प्रख्यात नाट्यसंस्थेने मे २०२० मध्ये आपल्या प्रेक्षागृहातील खुर्च्या चक्क उखडून काढल्या. सुमारे ७०० आसनांपैकी उरली ती केवळ २००.

लोकलची कसोटी

मुंबईची उपनगरी सेवा महासाथीपूर्वी दररोज ७५ लाखांहून अधिक प्रवाशांची ने-आण करीत होती. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून ती थांबली. १५ जून रोजी ती सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सुमारे १२०० आसनांच्या गाडीत केवळ ७०० प्रवासी बसतील, असे नियोजन रेल्वेने जाहीर केले. गर्दीच्या वेळी ज्या गाडीत चार-साडेचार हजार माणसे कोंबली जातात, तिच्यासाठी हा आकडा कल्पनेपलीकडचा होता. स्थानकांची बहुतेक प्रवेशद्वारे बंद झाली, फलाटांवर वर्तुळे आखली गेली, ओळखपत्राशिवाय प्रवेश नाकारला जाऊ लागला आणि पुढे 'क्यूआर कोड' असलेले पास आले.

डब्यात माणसे दूर बसविणे अशक्य आहे, हे लवकरच स्पष्ट झाले. त्यामुळे प्रशासनाने जागेऐवजी वेळेची वाटणी करण्याचा मार्ग धरला. २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व महिलांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर प्रवासाची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्य प्रवाशांसाठी तीन वेळा ठरल्या : पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. योजना कागदावर तर्कशुद्ध होती. गर्दी ही जागेची तशीच वेळेचीही समस्या आहे, हे तीत मान्य केलेले होते. परंतु कार्यालयांच्या आणि दुकानांच्या वेळा पूर्वीच्याच राहिल्या. सकाळी दहाला कामावर हजर व्हायचे, तर सातच्या आत गाडी पकडून तीन तास कोठेतरी काढायचे किंवा रस्त्याने दुप्पट-तिप्पट वेळ आणि पैसा घालवून जायचे, एवढेच पर्याय नोकरदारांपुढे उरले. विरार, कर्जत, कसाऱ्याकडच्या प्रवाशांना याची झळ सर्वाधिक बसली.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत सर्वसामान्यांसाठी लोकल पुन्हा बंद झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठी उघडली. येथे अंतराचा निकष मागे पडून लसीकरणाचा निकष पुढे आला. लोकलच्या डब्यात दोन गजांचे अंतर कधीच प्रस्थापित होऊ शकत नाही, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती.

बस, रेल्वे, विमान : रिकाम्या आसनाचे अर्थकारण

मुंबईत 'बेस्ट'ने ८ जून २०२० पासून प्रवासी वाहतूक खुली करताना एका बाकावर एकच प्रवासी आणि उभे केवळ पाच, असा नियम केला. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली. ४४ आसनांच्या गाडीत २२ प्रवासी घेऊन ती धावू लागली. डिझेल तेवढेच, चालक-वाहक तेवढेच आणि उत्पन्न निम्मे, हे गणित आधीच तोट्यात असलेल्या महामंडळाला महिनाभरही पेलवले नाही. १८ सप्टेंबरपासून पूर्ण क्षमतेने वाहतुकीस परवानगी देण्यात आली; मुखपट्टी मात्र बंधनकारक राहिली.

गरज तीव्र झाली की अंतराचा नियम किती लवकर वाकतो, याचे उदाहरण श्रमिक विशेष गाड्यांनी घालून दिले. १ मे २०२० पासून सुटलेल्या या गाड्यांमध्ये प्रारंभी मधले बर्थ रिकामे ठेवून सुमारे १२०० मजूर नेले जात. गावाकडे परतू पाहणाऱ्यांची संख्या एवढी प्रचंड होती की, दहा-बारा दिवसांतच ही मर्यादा १७०० वर नेण्यात आली. रेल्वेने याच काळात ५ हजारांहून अधिक डब्यांचे विलगीकरण कक्षांत रूपांतर केले होते. एकीकडे रिकामे उभे असलेले डबे आणि दुसरीकडे रस्त्याने पायी निघालेले मजूर, हे त्या उन्हाळ्याचे चित्र होते.

विमानातील मधल्या आसनाचा वाद तर न्यायालयापर्यंत गेला. देशांतर्गत विमानसेवा २५ मे २०२० रोजी सुरू झाल्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, शक्यतो मधले आसन रिकामे ठेवावे आणि ते शक्य नसल्यास त्या प्रवाशाला अंगभर संरक्षक वस्त्र द्यावे, असे निर्देश दिले. १५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मधले आसन भरण्यास मुभा दिली. विमानातील आसनाची रुंदी अर्ध्या मीटरपेक्षा थोडी कमीच असते. मधले आसन रिकामे ठेवूनही दोन प्रवाशांत पुरते एक मीटर अंतर पडत नाही. विमानाची जमेची बाजू निराळी आहे. केबिनमधील हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते आणि फिरविली जाणारी हवा उच्च क्षमतेच्या गाळण्यांतून जाते. हा फायदा उड्डाणाच्या वेळी मिळतो. विमानात चढण्याच्या रांगेत किंवा विमानतळाच्या बसमध्ये तो मिळेलच असे नाही.

दिल्ली मेट्रोने ७ सप्टेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने सेवा सुरू करताना अनेक उपाय एकत्र आणले. एकाआड एक आसनावर बंदीचे चिन्ह, मोजकीच प्रवेशद्वारे, टोकनऐवजी स्मार्ट कार्ड, स्थानकात गाडी थांबण्याचा वाढीव वेळ आणि वातानुकूलन यंत्रणेत बाहेरच्या हवेचे अधिक प्रमाण, असे हे संयुक्त स्वरूप होते.

पडदा उघडला, पण अर्धाच

महाराष्ट्रात चित्रपटगृहे, नाट्यगृहे आणि व्यायामशाळा बंद करण्याचे आदेश १३ मार्च २०२० पासून मोठ्या शहरांत लागू झाले. उपाहारगृहे ५ ऑक्टोबर २०२० रोजी, तर चित्रपटगृहे व नाट्यगृहे ५ नोव्हेंबर २०२० रोजी ५० टक्के क्षमतेने उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा अर्ध्या क्षमतेने सुरू झाली. मराठी नाटकाचे अर्थकारण भरलेल्या प्रेक्षागृहावर उभे असते. नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्याची वाहतूक, कलाकार आणि पडद्यामागील कामगारांचे मानधन यांत प्रेक्षक निम्मे झाले म्हणून कपात होत नाही. शासनाने परवानगी दिली तरी प्रयोग लावणे परवडत नाही, अशी अनेक निर्मात्यांची कोंडी त्यामुळे झाली. रंगमंच कामगारांसाठी तर बंद काळ उपासमारीचाच होता.

परदेशात काही ठिकाणी कल्पकतेने मार्ग काढले गेले. न्यूयॉर्कने जून २०२० पासून उपाहारगृहांना पदपथावर आणि रस्त्याकडेच्या वाहनतळांवर टेबले मांडू दिली. लिथुआनियाच्या विल्निअस शहराने चौक आणि रस्ते कॅफेंसाठी खुले केले. स्पेनमधील बार्सिलोनाच्या ऑपेरागृहात २२ जून २०२० रोजी २,२९२ खुर्च्यांवर तेवढीच रोपटी ठेवून चौघा वादकांनी वादन केले. नंतर ती रोपटी आरोग्य कर्मचाऱ्यांना भेट देण्यात आली. प्रतीक म्हणून त्याचे कौतुक झाले. पण प्रेक्षकांशिवाय प्रेक्षागृहाला अर्थ नाही, हेही त्यातून अधोरेखित झाले.

मंडई, मैदान आणि रस्ता

घराबाहेर पडणे थांबले तरी भाजीपाला थांबवता येत नाही. त्यामुळे गर्दीच्या मंडया हलविण्याचा प्रयोग देशभर झाला. न हलविल्यास काय होते, याचा अनुभव चेन्नईच्या कोयंबेडू बाजाराने दिला. एप्रिलअखेर आणि मे २०२० मध्ये हा घाऊक बाजार संसर्गाचे मोठे केंद्र बनला. ५ मे रोजी तो बंद करून शहराबाहेर तिरुमळिसै येथे मोकळ्या जागेत हलविण्यात आला. नवी मुंबईतील वाशीची कृषी उत्पन्न बाजार समितीही त्याच महिन्यात काही दिवस बंद ठेवावी लागली. महाराष्ट्रातील अनेक शहरांत शाळांच्या पटांगणांवर, मैदानांवर आणि बंद बस स्थानकांत चुन्याच्या चौकटी आखून विक्रेते बसविले गेले. साधा, स्वस्त आणि शास्त्रशुद्ध असा हा उपाय होता. कारण त्यात अंतर आणि मोकळी हवा दोन्ही मिळत होते.

मैदानांचा दुसरा उपयोग उपचारांसाठी झाला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाचे मैदान, वरळीचा 'एनएससीआय डोम', गोरेगावचे 'नेस्को' प्रदर्शन केंद्र आणि पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मैदान येथे मोठी कोविड केंद्रे उभी राहिली. प्रदर्शने, मैफली आणि सभांसाठी असलेल्या जागा काही आठवड्यांत रुग्णालये बनल्या. दाट शहरात मोकळी मैदाने राखून ठेवण्याचे मोल यातून पटले.

रस्त्यांची वाटणीही बदलली. कोलंबियातील बोगोटा शहराने मार्च २०२० मध्येच सायकलींसाठी अनेक किलोमीटरचे तात्पुरते मार्ग आखले. इटलीतील मिलानने ३५ किलोमीटर रस्ते पादचारी व सायकलस्वारांसाठी मोकळे करण्याची योजना एप्रिलमध्ये जाहीर केली. पॅरिसने आखलेल्या तात्पुरत्या सायकल मार्गांपैकी बरेचसे नंतर कायम झाले. भारतातही केंद्र शासनाने २०२० मध्ये शहरांसाठी सायकल उपक्रमाची स्पर्धा जाहीर केली. मात्र आपल्या शहरांत ज्याला पदपथच नाही, त्या रस्त्यावर अंतर राखून चालायचे कोठे, हा प्रश्न कायम राहिला.

वारी, उत्सव, परीक्षा आणि संसद

पंढरीची पायी वारी २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे झाली नाही. मानाच्या पालख्यांतील पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. २०२० च्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची आणि घरगुती मूर्तींना दोन फुटांची मर्यादा घालण्यात आली. मूर्ती लहान म्हणजे मिरवणुकीला माणसे कमी, असा त्यामागील विचार होता. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी उत्सवाऐवजी आरोग्योत्सव साजरा केला. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेनंतर ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला पुन्हा खुली झाली.

सप्टेंबर २०२० मधील वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी केंद्रांची संख्या २,५४६ वरून ३,८४३ करण्यात आली आणि एका वर्गातील परीक्षार्थी २४ वरून १२ वर आणले गेले. बिहार विधानसभेच्या निवडणुकीत एका मतदान केंद्रावरील मतदारांची मर्यादा १००० करण्यात आली. १४ सप्टेंबरपासून भरलेल्या संसदेच्या पावसाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहे वेगवेगळ्या वेळी भरली आणि सदस्यांना दोन्ही सभागृहांत तसेच प्रेक्षक दीर्घांत बसविण्यात आले. या तिन्ही ठिकाणी अंतर साध्य झाले. कारण माणसांची संख्या ठाऊक होती आणि जादा जागा उपलब्ध करता येत होती. लोकलला आणि मंडईला ही सोय नसते.

नजरेआड राहिलेली हवा

जमिनीवर वर्तुळे आखण्यात यंत्रणा गुंतलेली असताना हवेकडे दुर्लक्ष झाले, हा या काळाचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. त्याची चिन्हे सुरुवातीपासून दिसत होती. २४ जानेवारी २०२० रोजी चीनमधील ग्वांगझू येथील एका उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवरील तीन कुटुंबांतील दहा जण बाधित झाले. टेबलांमध्ये सुमारे एक मीटर अंतर होते, पण वातानुकूलन यंत्र तीच हवा फिरवीत होते आणि बाहेरची हवा आत येत नव्हती. त्याच महिन्यात झेजियांग प्रांतात एका बसमधील ६८ जणांपैकी २४ जण बाधित आढळले, त्यात दूरच्या आसनांवरील प्रवासीही होते. १० मार्च रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावाला आलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले.

जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घेण्याची मागणी केली. लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी त्यात पुढाकार घेतला होता. जपानने मात्र आरंभापासूनच तीन गोष्टी टाळण्याचा साधा मंत्र दिला होता : बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून संभाषण. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी दर माणशी दर सेकंदाला दहा लिटर ताज्या हवेची शिफारस केली. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने २०२३ मध्ये संसर्गजन्य कणांच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले.

दहा लिटरचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गात ४८ विद्यार्थी बसत असतील, तर या निकषानुसार तेथील सर्व हवा तासाला बारा वेळा बदलली पाहिजे. विद्यार्थी निम्मे केले, तर सहा वेळा पुरे. म्हणजे माणसे कमी करण्याचा लाभ अंतरापुरता नसतो, प्रत्येकाच्या वाट्याला येणारी हवाही वाढते. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर हे साधणे फारसे अवघड नाही. बंद काचांच्या आणि भिंतीवरच्या सामान्य वातानुकूलन यंत्राच्या खोलीत मात्र ते जवळपास अशक्य आहे. कारण ही यंत्रे हवा थंड करतात, बाहेरची हवा आत आणत नाहीत. हवा किती कोंदट आहे, हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने कळू शकते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्षात ४२० भागांच्या आसपास असते. खोलीत ते दुपटीपलीकडे गेले, की इतरांच्या उच्छ्वासातील हवा आपण मोठ्या प्रमाणात घेत आहोत, असे समजावे.

अंतर कोणाच्या वाट्याला?

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत महापालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी केलेल्या रक्तद्रव्य पाहणीत झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के, तर इतर वस्त्यांतील केवळ १६ टक्के लोकांच्या शरीरात प्रतिपिंडे आढळली. एकाच शहरात, एकाच प्रभागात राहणाऱ्या माणसांच्या अनुभवातील ही दरी अंतराच्या धोरणाची मर्यादा दाखविते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जण आणि शेकडोंमध्ये एक सार्वजनिक शौचालय, अशा स्थितीत दोन गजांचा उपदेश निरर्थक ठरतो. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या धारावीत घरोघरी तपासणी, संशयितांचे शाळा व सभागृहांत विलगीकरण आणि शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण, हा मार्ग अवलंबावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी १० जुलै २०२० रोजी त्याचा उल्लेख केला.

प्लेगने दिलेला जुना धडा

मुंबईला हा प्रश्न पहिल्यांदा पडलेला नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण आढळला आणि शहर हादरले. १८९७ चा साथरोग कायदा त्यातूनच जन्मला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच कायदा लागू केला. या कायद्याच्या जाचक अंमलबजावणीने पुण्यात काय घडले, हे सर्वज्ञात आहे. मात्र त्याच प्लेगने १८९८ मध्ये मुंबई नगर सुधार विश्वस्त मंडळालाही जन्म दिला. समुद्राचा वारा दाट वस्तीत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढण्यात आला, आजचा मोहम्मद अली मार्ग आखला गेला आणि दादर-माटुंग्याच्या वसाहतींची रचना झाली. साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोन हा नियमही याच मंडळाचा. समोरच्या इमारतीच्या उंचीच्या किमान निम्मी मोकळी जागा पुढे असावी, म्हणजे खालच्या खोलीलाही उजेड व वारा मिळेल, असा त्याचा आशय. रोगाचे कारण त्या पिढीला पुरते उमगले नव्हते, उपाय म्हणून वस्त्या पाडल्या गेल्या आणि गरीब बेघर झाले, हे खरे. तरीही त्या नियमांतून उभ्या राहिलेल्या खेळत्या हवेच्या इमारती आजही वापरात आहेत. २०२० च्या साथीने इमारतींच्या नियमांत असा कोणताही ठसा अजून उमटविलेला नाही. उलट पुनर्विकासातील उंच मनोऱ्यांमधील अंतर ही तक्रारीची बाब आहे.

पुढील साथीपूर्वी

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातील सर्व निर्बंध उठले. वर्तुळे पुसली गेली, आसनांवरील चिन्हे निघाली. काही धागे मात्र पुढे आले. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबईतील मुख्यालयात कामाच्या दोन वेळा सुरू केल्या आणि इतर आस्थापनांनाही तसे आवाहन केले. गर्दी वेळेत वाटण्याची ही कल्पना महासाथीच्या काळात अपुरी ठरली, कारण तेव्हा प्रवासाची वेळ बदलली आणि कामाची बदलली नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी पडून झालेल्या मृत्यूंनंतर रेल्वेने साध्या लोकलनाही स्वयंचलित दरवाजे बसविण्याचे जाहीर केले. बंद दरवाजांआड प्रवासी गुदमरू नयेत म्हणून दारांना झडपा आणि छतावर हवा आत घेणारी यंत्रणा असेल, असेही तेव्हा सांगण्यात आले. साध्या लोकलचे उघडे दार हे जसे मृत्यूचे कारण आहे, तसेच ते साथीच्या काळातील सर्वांत मोठे वायुवीजनही होते. नव्या डब्यात ताज्या हवेचे प्रमाण किती राखले जाते, यावर केवळ प्रवाशांचा आराम अवलंबून नाही, पुढील साथीतील त्यांची सुरक्षितताही अवलंबून आहे.

दोन वर्षांच्या अनुभवातून निघणारे निष्कर्ष मोजके आहेत. जेथे माणसांची संख्या ठरविता येते, तेथे अंतर उपयोगी पडते. जेथे ती ठरविता येत नाही, तेथे कामाच्या वेळा, मोकळी जागा आणि हवा यांवरच भिस्त ठेवावी लागते. शाळा, मंगल कार्यालये, नाट्यगृहे, दवाखान्यांच्या प्रतीक्षा खोल्या यांतील हवा मोजणे आणि ती सुधारणे, प्रत्येक प्रभागात मैदाने राखणे, आठवडी बाजारांसाठी पर्यायी जागा आधीच निश्चित करणे ही कामे साथ आल्यावर करता येत नाहीत. ती शांततेच्या काळातच उरकावी लागतात.

ठळक टप्पे

१३ मार्च २०२० : महाराष्ट्रात साथरोग कायदा लागू, मोठ्या शहरांत चित्रपटगृहे, नाट्यगृहे बंद.
२२ मार्च २०२० : मध्यरात्रीपासून मुंबईची उपनगरी सेवा स्थगित.
१५ जून २०२० : अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू.
२० ऑगस्ट २०२० : एसटीची आंतरजिल्हा वाहतूक निम्म्या क्षमतेने सुरू.
५ नोव्हेंबर २०२० : नाट्यगृहे व चित्रपटगृहे ५० टक्के क्षमतेने खुली.
१ फेब्रुवारी २०२१ : ठराविक वेळांत सर्वांसाठी लोकल.
१५ ऑगस्ट २०२१ : दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी लोकल.
२ एप्रिल २०२२ : राज्यातील सर्व निर्बंध समाप्त.